एकट्या दर्यावर्दीची सुरक्षितता



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. शिडाच्या नावेतून एकट्यानेच समुद्रावर जायचे आणि सुखरूप परत यायचे, हा काही तुमच्याआमच्या नित्याच्या व्यवहारातला प्रसंग नव्हे. घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध बहुधा सुट्टीतल्या दोन दिवसांपुरता, गुडघाभर पाण्यापुरताच असतो. तरीही हा विषय मी घेतला याला दोन कारणे आहेत. एक असे की, या साहसाच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. दुसरे असे की, धाडस कोठे संपते आणि अविचार कोठे सुरू होतो, हा प्रश्न या एका उदाहरणात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जोशुआ स्लोकम हा मुरलेला कप्तान २४ एप्रिल १८९५ रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘स्प्रे’ नावाच्या आपल्या नौकेतून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून न्यूपोर्टला पोचला. अंतर झाले सुमारे ४६,००० मैल. नौकेची लांबी ३७ फुटांना तीन इंच कमी. एकट्याने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. वाटेत तो अनेक बंदरांना थांबला होता. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता अशी प्रदक्षिणा प्रथम केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने. तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ ही नौका सागवानी लाकडाची होती आणि ती बांधली गेली होती आपल्या मुंबईत, मुंबईच्या सुतारांच्या हातून.

पुढे या परंपरेत भारतीयांनीही भर घातली. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर ही कल्पना मनात धरली आणि तिचा पाठपुरावा केला. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली. तीतून नौदलाचे कॅप्टन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी हे नौदल अधिकारी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला परतले. या टॉमींची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नावेवर एकटे असणे म्हणजे नेमके काय कमी असणे? आपण सहज म्हणू, सोबत कमी असते. पण सोबत हा शब्द फार मोघम आहे. नावेवरचा दुसरा माणूस पाच निश्चित कामे करीत असतो. आपण पाण्यात पडलो तर तो नाव वळवून आपल्याला वर घेतो. आपण झोपलो की तो जागा राहतो. दोन हातांना न उरकणाऱ्या कामाला तो आणखी दोन हात देतो. आपला निर्णय चुकत असेल तर तो हटकतो. आणि आपण निपचित पडलो तर मदतीची हाक तो घालतो. एकट्याने समुद्रावर जाणाऱ्याने या पाचही कामांची आगाऊ तजवीज करून ठेवली पाहिजे. त्याची सुरक्षितता म्हणतात ती हीच.

पहिले काम सर्वांत महत्त्वाचे. एक साधे गणित करू. शिडाची नाव ताशी पाच सागरी मैल वेगाने चालली आहे असे समजा. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. म्हणजे नाव सेकंदाला अडीच मीटरांहून थोडी अधिक आणि मिनिटाला दीडशे मीटर पुढे सरकते. अंगावर ओले कपडे असताना कितीही चांगला पोहणारा माणूस हा वेग गाठू शकत नाही. पाच मिनिटांत नाव पाऊण किलोमीटर दूर गेलेली असते, आणि लाटांमधले माणसाचे डोके त्याहून पुष्कळ कमी अंतरावर दिसेनासे होते. त्यातून एकट्याच्या नावेवर सुकाणू आपोआप धरून ठेवणारे यंत्र असते. ज्या यंत्राने त्याची सोय होते तेच यंत्र त्याच्यावाचून नाव शांतपणे पुढे नेत राहते. म्हणून एकट्याच्या बाबतीत पाण्यात पडणे हा अपघाताचा आरंभ नसतो. बहुतेक वेळा तो शेवटच असतो.

यावर उपाय कोणता? अंगात छातीपट्टा घालायचा, त्याला मजबूत दोराचे दोन आकडे लावायचे, आणि नावेच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणून बांधलेल्या पट्ट्यांत त्यांपैकी एक आकडा सदैव अडकलेला ठेवायचा. जागा बदलताना आधी दुसरा आकडा अडकवायचा आणि मगच पहिला सोडायचा. खोलीच्या दारातून बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच आकडा लागला पाहिजे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. दोर लांब असेल तर माणूस कठड्यापलीकडे पाण्यात लोंबकळतो आणि नावेबरोबर फरफटत जातो. अशा अवस्थेत बांधलेला माणूसही बुडून मरू शकतो. म्हणून आडवा पट्टा शक्य तितका नावेच्या मध्यातून न्यावा आणि दोर इतका आखूड असावा की कठडा ओलांडताच येऊ नये. पडल्यावर वाचवणाऱ्या दोरापेक्षा पडूच न देणारा दोर चांगला.

याच्या जोडीला आणखी काही गोष्टी लागतात. हवेने फुगणारे तरंगजाकीट हवे. त्याला दिवा हवा. संकटाचा संदेश देणारे लहान यंत्र खोलीतल्या फळीवर ठेवून उपयोगी नाही, ते अंगावर हवे. पाण्यातूनही हात पोचून खाली ओढता येईल अशी शिडी नावेच्या मागच्या बाजूस हवी. कारण शांत समुद्रावर, नांगरलेल्या नावेशेजारी पोहायला उतरलेल्या माणसालासुद्धा मीटरभर उंचीची गुळगुळीत बाजू चढून वर येता येत नाही. अनुभवी खलाशी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवतात. लघुशंकेसाठी कठड्याशी उभे राहणे ही पडण्याची हमखास वेळ, तेव्हा त्यासाठी बसून बादली वापरावी. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण माणसे वादळात जितकी सावध असतात तितकी अशा क्षुल्लक क्षणी नसतात.

पट्टा न बांधणारा माणूस नवशिकाच असतो असेही नाही. एरिक ताबार्ली हे फ्रान्सचे थोर दर्यावर्दी. १९६४ साली अटलांटिक ओलांडण्याची एकट्याची शर्यत त्यांनी जिंकली होती. १९९८ च्या जूनमध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ रात्री शीड बदलताना वरच्या आडव्या काठीचा तडाखा बसून ते पाण्यात फेकले गेले. अंगाला पट्टा नव्हता. त्या वेळी नावेवर सोबती होते, तरीही काळोखात ते सापडले नाहीत. सोबती असून ही गत, मग एकट्याचे काय व्हावे हे सांगायला नको.

दुसरे काम पहाऱ्याचे. १९७२ साली ठरलेल्या सागरी टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम असा की, प्रत्येक नौकेने सर्व वेळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य पहारा ठेवला पाहिजे. एकटा माणूस आठवडेच्या आठवडे हा नियम अक्षरशः पाळू शकत नाही. त्याला झोपावे लागतेच. एकट्याच्या नौकानयनावरचा हा खरा आणि न्याय्य आक्षेप आहे. त्याची धार पूर्ण बोथट करता येत नाही, पण धोका बराच कमी करता येतो.

पुन्हा गणित करू. ताशी २० सागरी मैल वेगाने येणारे मोठे जहाज स्वच्छ हवेत समजा आठ मैलांवरून ओळखू आले. आपली नाव पाच मैलांनी त्याच्याकडेच चालली असेल, तर दोघांमधले अंतर ताशी २५ मैलांनी कमी होते. आठ मैल संपायला लागतात एकोणीस मिनिटे. एकटे दर्यावर्दी वर्दळीच्या भागात वीस मिनिटांहून अधिक वेळ सलग का झोपत नाहीत, याचे उत्तर या हिशेबात आहे. गजर लावायचा, उठायचे, चारी दिशा नीट न्याहाळायच्या, आणि पुन्हा आडवे व्हायचे. क्लॉदिओ स्टांपी या संशोधकाने अशा एकट्या दर्यावर्दींच्या तुकड्यातुकड्यांच्या झोपेचा विशेष अभ्यास केला. थोड्या काळापुरते माणसाला असे जगता येते. तथापि झोपेचे कर्ज हे सावकारी कर्जासारखे असते, ते व्याजासकट फेडावे लागते. कर्ज फार वाढले की डोळे उघडे असूनही माणूस पाहत नाही, दिवे मोजायला चुकतो आणि नसलेले आवाज ऐकू लागतो.

आज या पहारेकऱ्याला यंत्रांची मदत आहे. मोठी जहाजे आपले नाव, ठिकाण, दिशा आणि वेग आपोआप प्रक्षेपित करीत असतात. त्या यंत्रणेला ‘एआयएस’ म्हणतात. तिचा ग्राहक नावेवर असला की ठरवलेल्या अंतरात जहाज येताच घंटा वाजते. रडारच्या लहरी परतवणारा धातूचा परावर्तक डोलकाठीवर लावला की आपली लाकडी किंवा फायबरची नाव मोठ्या जहाजाच्या पडद्यावर अधिक ठळक उमटते. पण लहान मासेमारी होड्या, तरंगते ओंडके आणि देवमासे कसलेही प्रक्षेपण करीत नाहीत. म्हणून यंत्र हे डोळ्यांच्या जोडीला असावे, डोळ्यांच्या बदली नसावे.

झोपेचा दुसरा नियम जागेचा आहे. खोल समुद्रात, जहाजांच्या वाटेपासून दूर, निर्धास्त नव्हे तरी बऱ्यापैकी झोप घेता येते. किनारा मात्र जागेपणी गाठायचा असतो. खडक, जाळी, होड्या आणि प्रवाह सारे तेथेच दाटलेले असतात. लांबच्या प्रवासातला थकलेला माणूस घराच्या ओढीने रात्रीच बंदरात शिरू पाहतो, आणि महिनाभर समुद्राने न केलेले नुकसान शेवटच्या तासात होते. शहाणा दर्यावर्दी अशा वेळी शिडे आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध बांधून नाव बाहेरच जवळजवळ जागच्या जागी थोपवतो, विश्रांती घेतो आणि उजाडल्यावर आत येतो.

तिसरे काम हातांचे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. दहा नॉटच्या वाऱ्यात एका हाताने आवरणारे शीड वीस नॉटच्या वाऱ्यात चौपट जोराने ओढते. म्हणून एकट्याचा नियम असा की, शीड आखडावे का असा विचार मनात आला की तीच आखडण्याची वेळ समजावी. संध्याकाळी, वारा बरा असला तरी, रात्रीपुरते शीड कमी करून ठेवावे. वेगाचा थोडा तोटा होतो, पण मध्यरात्री झोपेतून उठून ओल्या फळीवर धडपडण्याची पाळी टळते. शिडांचे दोर सुकाणूपाशी आणून ठेवले तर बरीच कामे जागेवरून उरकतात.

सुकाणू धरायला माणूस नसेल तर काय करायचे? १९६० साली एकट्यांची पहिली अटलांटिक शर्यत झाली. तिच्यात पाच जण उतरले होते. ती शर्यत ज्यांच्या कल्पनेतून निघाली त्या ब्लाँडी हॅस्लर यांनी वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राचा मार्ग दाखवला. त्याची रचना कल्पक आहे. नावेच्या मागे एक हलके पाते वाऱ्याच्या दिशेला लावून ठेवतात. नाव वाट सोडून वळली की वारा त्या पात्याला आडवा लागतो आणि ते कलते. पात्याची शक्ती थोडी, पण तेवढी शक्ती पाण्यातले दुसरे पाते वळवायला पुरते. मग वाहत्या पाण्याचा जोर त्या पात्यावर बसतो आणि सुकाणू ओढले जाते. वारा फक्त खूण करतो आणि श्रम पाणी करते. मात्र हे यंत्रही मोडते. नॉक्स-जॉन्स्टनचे वाटेतच निकामी झाले. त्यापुढे त्याने शिडांचा तोल साधून नाव आपली आपण चालेल अशी केली, म्हणूनच त्याची प्रदक्षिणा पुरी झाली. प्रत्येक महत्त्वाच्या साधनाला दुसरा पर्याय हवा, आणि तो पर्याय शक्यतो पहिल्यापेक्षा साधा हवा, हा त्यातला धडा.

आजारपणाचा विचारही येथेच करावा. स्लोकमची एक हकीकत प्रसिद्ध आहे. अझोर्स बेटांवर मिळालेली आलुबुखारे आणि पांढरे चीज एकत्र खाऊन त्याच्या पोटात असह्य कळा आल्या. तो खोलीत पडून राहिला. भ्रमात त्याला सुकाणूवर एक परका खलाशी उभा दिसला आणि तो आपण कोलंबसाच्या ‘पिंता’ जहाजाचा सुकाणूदार असल्याचे सांगू लागला. शुद्धीवर आल्यावर स्लोकमने पाहिले तो नौका आपल्या वाटेवरच चाललेली. तोल सांभाळून बांधलेली नाव आणि खुला समुद्र यांनी त्याला तारले. आता एकट्यालाही वैद्य गाठता येतो. १९९२-९३ च्या प्रदक्षिणा-शर्यतीत बेर्त्राँ द ब्रॉक या फ्रेंच दर्यावर्दीची जीभ फाटली. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या सूचना वाचून त्याने आरशात पाहत स्वतःच टाके घातले. औषधांची पेटी, तिची यादी आणि ती वापरण्याचे शिक्षण ही तीनही सामग्रीतच मोडतात.

चौथे काम हटकण्याचे. आपल्या निर्णयाला विरोध करणारा कोणी नसणे हा एकटेपणाचा सर्वांत छुपा धोका होय. ज्या १९६८ च्या शर्यतीत नॉक्स-जॉन्स्टन यशस्वी झाला, तिच्यातच डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा दुसरा इंग्रज होता. निघण्याची मुदत संपण्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, तो अर्धवट तयारीनिशी निघाला. आपली नाव दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याला लौकरच कळून चुकले. परतावे तर धंद्याचे आणि घराचे दिवाळे निघणार, पुढे जावे तर मरण. या पेचात त्याने अटलांटिकमध्येच घुटमळत राहून खोटी ठिकाणे कळवायला सुरुवात केली. १० जुलै १९६९ रोजी त्याची नाव रिकामी, वाहत असलेली सापडली. आत रोजनिश्या होत्या आणि त्यांतून मनाचा तोल कसा ढळत गेला ते दिसत होते. नऊ स्पर्धकांत शर्यत पुरी करणारा नॉक्स-जॉन्स्टन एकटाच होता. त्याने मिळालेले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

क्रोहर्स्टचा दोष भित्रेपणाचा नव्हता. परत फिरण्याची वाट त्याने निघण्यापूर्वीच बंद करून घेतली होती. म्हणून एकट्याने परत फिरण्याचे निकष किनाऱ्यावर असताना, शांत मनाने, लिहून ठेवावेत. अमुक इतका वारा झाला, अमुक वस्तू मोडली, अमुक तासांत अमुक ठिकाण गाठले नाही, तर परतायचे. समुद्रावर गेल्यावर निर्णय घ्यायचा नाही, वहीतला निर्णय अमलात आणायचा. म्हणजे काल किनाऱ्यावर बसलेला आपणच आजच्या थकलेल्या स्वतःचा सोबती होतो.

पाचवे काम हाकेचे. येथे अभिलाष टॉमींकडे परत येऊ. २०१८ साली ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून ते फ्रान्सहून प्रदक्षिणेच्या शर्यतीला निघाले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, प्रचंड वादळाने नाव उलथीपालथी केली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि त्यांना उठताही येईना. तरीही संकटसूचक यंत्र चालू झाले होते आणि उपग्रहावरून थोडक्या शब्दांत मजकूर पाठवता येत होता. ऑस्ट्रेलियातील बचाव केंद्राने सूत्रे हलवली. भारतीय नौदलाचे आणि ऑस्ट्रेलियाचे विमान नावेवर जाऊन आले. अखेर २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाच्या लोकांनी त्यांना उचलून घेतले. हाक पोचल्यापासून हात पोचेपर्यंत तीन दिवस गेले.

या तीन दिवसांचा विचार करण्यासारखा आहे. संकटसूचक यंत्र ४०६ मेगाहर्ट्‌झवर संदेश देते, उपग्रह तो टिपतो, जमिनीवरचे केंद्र यंत्राच्या नोंदणीवरून नाव ओळखते आणि जवळच्या बचाव केंद्राला कळवते. ही आंतरराष्ट्रीय योजना १९८२ पासून माणसे वाचवीत आहे. भारतात तिचे नियंत्रण केंद्र बंगळुरूला आहे. आपल्या समुद्रातले शोधकार्य तटरक्षक दल पाहते आणि त्याला १५५४ या क्रमांकावर फोन करता येतो. जवळपासच्या जहाजांना बोलावण्यासाठी नावेवरच्या रेडिओचा सोळावा मार्ग असतो. त्यावर ‘मेडे’ हा शब्द तीनदा, मग नावेचे नाव, मग ठिकाण, मग संकट काय आहे ते, या क्रमाने सांगावे. ठिकाण लौकर सांगावे, कारण बोलणे मध्येच तुटले तरी शोधायचे कोठे हे तरी कळते. पण यंत्र हाक पोचवते, माणूस नाही. मदत येईतो जिवंत राहणे हे ज्याचे त्याचेच काम. यंत्राची नोंदणी केलेली नसेल, बॅटरीची मुदत उलटलेली असेल, किंवा पाण्याची बाटली हात पोचणार नाही अशा जागी असेल, तर सारे व्यर्थ.

नाव सोडायची की नाही हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यत वादळात सापडली आणि १५ स्पर्धक दगावले. माणसांनी सोडून दिलेल्या २४ नावांपैकी बुडाल्या फक्त पाच. उरलेल्या तरंगतच राहिल्या होत्या. १९९७ च्या जानेवारीत टोनी बुलिमोर हा दर्यावर्दी दक्षिण महासागरात उलट्या झालेल्या नावेच्या पोटात चार दिवस टिकून राहिला आणि ऑस्ट्रेलियाच्या युद्धनौकेने त्याला वाचवले. मोठी वस्तू विमानातून दिसते, पोहणारा माणूस दिसत नाही. म्हणून नाव पायाखालून जाईपर्यंत नाव सोडू नये. पण नावा कधी कधी खरोखरच बुडतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नाव दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला मिनिटांच्या अवधीत बुडाली. फुगणारा तराफा हाताशी होता, म्हणून ते सुमारे एक दिवस तगले. त्यांना उचलले कोणी? त्याच शर्यतीत एकटीने चाललेल्या कर्स्टन नॉइशेफर या दक्षिण आफ्रिकन महिलेने. ती आपली वाट सोडून त्यांच्याकडे गेली, आणि तरीही पुढे ती शर्यत तिनेच जिंकली. दुसरा क्रमांक कण्याची शस्त्रक्रिया होऊन पुन्हा समुद्रावर आलेल्या अभिलाष टॉमींचा होता.

ही झाली महासागरांची गोष्ट. आपल्या कोकण किनाऱ्यावर एखाद्या सकाळी लहान नाव घेऊन निघणाऱ्यालाही हेच नियम लहान प्रमाणात लागू पडतात. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करतात, त्या रूढीत श्रद्धेइतकेच अनुभवाचे शहाणपण आहे. हंगामातही सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा जोर धरतो, हे ओळखून बेत आखावा. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावते आणि त्याला समुद्राची लाट आडवी येते, तेव्हा उथळ जागी लाटा फुटू लागतात. म्हणून भरतीच्या पाण्यावर आत यावे. हवामान खाते आणि हैदराबादचे सागरी माहिती केंद्र वाऱ्याचे आणि लाटांचे अंदाज देतात. ते पाहिल्यावाचून नांगर उचलू नये. आणि गावातल्या जुन्या तांडेलाला विचारल्यावाचूनही उचलू नये.

शेवटी, श्रोतेहो, या साऱ्यात तुमचाआमचा भाग कोणता ते सांगतो. एकट्याने जाणाऱ्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची सुरक्षा किनाऱ्यावर असते. ती म्हणजे एका जबाबदार माणसाच्या हाती ठेवलेला कागद. त्यावर नावेचा रंग, जाण्याची वाट, परतण्याची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला फोन करायचा, हे लिहिलेले असावे. तो कागद ज्याच्या हाती आहे त्याने वेळ उलटल्यावर संकोच करू नये. ‘येईल थोड्या वेळाने, उगाच बोभाटा कशाला’ या भिडेपायी घालवलेला तास शोधाचे वर्तुळ किती तरी वाढवून ठेवतो. वाऱ्याप्रवाहाबरोबर ताशी दोन मैल वाहणारी वस्तू एका तासात दोन मैलांच्या परिघात शोधावी लागते, तीन तासांनी सहा मैलांच्या. अंतर तिप्पट होते, पण शोधायचे क्षेत्र नऊपट होते. सह्याद्रीत एकटा भटकायला जाणारा तुमचा मुलगा किंवा मुलगी यांनाही हाच कागद लागू आहे.

एकट्याने जावेच का, असा प्रश्न कोणी विचारील. ज्याला जावेसे वाटते त्याला थांबवण्याचा अधिकार मी मागत नाही. स्लोकम १९०९ साली पुन्हा एकटाच निघाला आणि परत आला नाही. समुद्र कोणालाही हमी देत नाही. पण एक गोष्ट जाणाऱ्याने स्मरावी. तो संकटात सापडला की कोणी तरी वैमानिक शेकडो मैल वादळावर उडतो, कोणी गस्ती जहाजाचा खलाशी उसळत्या पाण्यात लहान होडी सोडतो, कोणी स्पर्धक आपली शर्यत बाजूला ठेवतो. ती माणसे त्याच्या ओळखीची नसतात, आणि तरीही येतात. त्यांचा जीव विनाकारण धोक्यात पडू नये यासाठी आपला आकडा अडकवणे, गजर लावणे, शीड वेळेवर आखडणे आणि कागद लिहून ठेवणे हे त्यांचे ऋण आगाऊ फेडणे आहे. स्वतःसाठी काळजी घेण्याचा कंटाळा येतो, असे पुष्कळ साहसी माणसे म्हणतात. त्यांनी ती या अनोळखी माणसांसाठी घ्यावी.